सुट्टे पैसे

राम राम मंडळी. दिवाळीचा फराळ संपला, चकलीच्या डब्यात फक्त तळाचा चुरा उरला आणि पत्रांचा गठ्ठा मात्र वाढला. नव्यानं वाचणाऱ्यांसाठी एकदाच सांगतो. मी बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टर होतो, २०१६ ला निवृत्त झालो. नोकरी सगळी कोल्हापूर जिल्ह्यात, गारगोटी, राधानगरी, गगनबावडा या अंगाला. आमच्याकडं कंडक्टरला 'मास्तर' म्हणतात. वडलांना मी शाळेत मास्तर व्हायला हवा होतो, ते असं अर्धंमुर्धं पार पडलं.

पत्राखाली नाव छापायचं नाही, ही अट माझीच. मागं एका सासूविषयीच्या प्रश्नाखाली चुकून नाव-गाव छापून गेलं, तर त्याच नावाच्या चार सुनांचे फोन आले, 'आम्ही लिहिलं नाही म्हणून पुढच्या अंकात छापा.' तेव्हापासून फक्त गाव.

कळंब्याहून एक वाचक विचारतात : गाडी कोल्हापूरची, डेपो कोल्हापूरचा, ड्रायव्हर शिरोळचा, मग नंबरप्लेटवर एम.एच. ०९ का नसतं? परवा बसलो ती एम.एच. ४० होती. नागपूरची गाडी पळवून आणली काय?

पळवून नाही, नांदायला आली. महामंडळाच्या तीन मध्यवर्ती कार्यशाळा आहेत. पुण्याजवळ दापोडी, छत्रपती संभाजीनगरात चिकलठाणा आणि नागपुरात हिंगणा. कंपनीकडनं नुसती चासी यायची, म्हणजे इंजिन, चाकं आणि वर उघड्यावर बसलेला ड्रायव्हर. तिच्यावर बॉडी चढवायची ती या कार्यशाळांत. गाडी जिथं तयार झाली तिथंच तिचं पासिंग. म्हणून दापोडीची १४, चिकलठाण्याची २० आणि हिंगण्याची ४०. पुढं ती कुठल्याही डेपोत जाऊ दे, प्लेटवर माहेरच राहतं.

कुठल्या माहेरची गाडी गुणाची, यावर कँटीनमध्ये ड्रायव्हर लोक चहा गार होईपर्यंत भांडायचे. मी त्यात कधी पडलो नाही. बत्तीस वर्षं घंटी मारली, पण मला गाडी चालवता येत नाही. सायकलसुद्धा उतारालाच बरी येते.

याच वाचकांचा ताजा कलम असा, की एसटीचा पहिला कंडक्टर कोण. पहिली गाडी धावली १ जून १९४८ ला, पुणे ते नगर. तिचे वाहक होते लक्ष्मण केवटे. आमच्या जमातीचे मूळपुरुष. आमच्या डेपोत १ जूनला वर्धापनदिन साजरा व्हायचा, पेढा मिळायचा आणि पेढा खाऊन लगेच ड्यूटी, कारण त्याच सुमाराला लग्नाच्या तिथी असतात.

नागपूरहून लग्न होऊन आलेल्या एक ताई लिहितात : माझ्या सासूबाई 'मी देवळात जाऊन आलो', 'मी जेवलो' असं बोलतात. नणंदही तसंच. सुरुवातीला मला वाटलं चेष्टा चाललीय. आता तीन महिने झाले, चेष्टा नाही हे कळलं. हे काय आहे?

ताई, तुम्ही तीन महिन्यांत ओळखलंत, पुण्याची माणसं तीस वर्षांत ओळखत नाहीत.

आमच्या बाजूला बाईसुद्धा 'मी येतो', 'मी गेलो' म्हणते. माझी आई म्हणायची, बायको म्हणते. नात मात्र शाळेत 'येते, जाते' शिकली आणि घरी आजीला दुरुस्त करायला लागली. आजीनं तिला सांगितलं, "तू शाळेत जाते, मी बाजारात जातो, दोघी वेळेवर पोचतो का न्हाई?" तिथं व्याकरण संपलं.

कारण विचाराल तर हाकेच्या अंतरावर कन्नड मुलूख आहे. कन्नडमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' असा भेदच नाही. 'नानु बंदे' बाईही म्हणते, बुवाही म्हणतो. तो आला की ती आली, हे मात्र तिथंही वेगळं सांगतात. शेजाऱ्याकडनं विरजण आणावं तशी ही बोलायची रीत इकडं आली असावी, असं मला वाटतं. निपाणीच्या बाजारात दोन्ही भाषा एकाच पिशवीतनं येतात-जातात, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि पुस्तकातलं मराठी तरी कुठं सरळ आहे? 'मी उद्या येईन' म्हटल्यावर बोलणारी बाई की बुवा, सांगा बघू.

मला मात्र याचा एक त्रास झालेला आहे. शेवटची गाडी, आतला दिवा गेलेला, पावसाळी ताडपत्रीसारखा अंधार. मागनं आवाज आला, "मास्तर, मी हितं उतरतो!" आवाज घोगरा. मी घंटी मारली आणि म्हटलं, "उतरा पावणं, सावकाश." उतरल्या त्या आमच्याच गल्लीतल्या एक काकी, सर्दीनं बेजार झालेल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या दारात येऊन हिला म्हणाल्या, "तुझ्या नवऱ्याला चष्मा कर." चष्मा तेव्हाही होता.

तुम्ही तुमचं 'मी येते' सोडू नका. फक्त एक करा. सासूबाई म्हणाल्या 'मी दमलो', तर मागं वळून सासरे आलेत का ते बघू नका.

मुंबईच्या एका वाचकांना पडलेला प्रश्न : कोल्हापुरात 'तिकटी' म्हणजे काय? पत्ता विचारला की तिकटी सांगतात. मिरजकर तिकटी, पापाची तिकटी. तिकिटाशी संबंध आहे का?

संबंध असता तर मी सगळ्या तिकट्या फाडल्या असत्या. तीन वाटा मिळतात ती तिकटी, चार मिळतात तो चौक. आता पालिकेनं रस्ते रुंद केले, नवे फोडले, त्यामुळं काही तिकट्यांना चौथी वाट फुटली, पण नाव कोण बदलणार? आणि 'पापाची' म्हटल्यावर दचकू नका, तिथं चपलांची दुकानं आहेत. पाप काय झालंच तर घासाघीस न करता घेण्याचं.

चौकांतला एक आवर्जून बघा, बिंदू चौक. तिथं महात्मा फुले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे पुतळे ९ डिसेंबर १९५० ला भाई माधवराव बागल यांच्या पुढाकारानं उभे राहिले. तारीख पुन्हा वाचा. बाबासाहेब तेव्हा हयात होते. पाहुण्यांना गाव दाखवताना आम्ही रंकाळा, भेळ, फोटो असं करतो आणि हा चौक ओलांडून पुढं जातो. तुम्ही तसं करू नका. पाच मिनिटं उभे राहा, मग भेळ.

गडहिंग्लजचे एक विद्यार्थी विचारतात : अंबाबाईच्या देवळात किरणोत्सव वर्षातनं दोनदा का होतो? नोव्हेंबरात आणि परत जानेवारीच्या शेवटी. आमचे सर म्हणाले 'खगोलशास्त्र', आणि तास संपला.

सरांचा तास संपला, माझा टप्पा अजून बाकी आहे. बस.

देऊळ पश्चिमेकडं तोंड करून आहे. महाद्वाराच्या बाजूनं मावळतीची किरणं आत येतात आणि थेट गाभाऱ्यापर्यंत पोचतात. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, मग ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. पहिल्या दिवशी चरणांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी मुखावर. निदान तसं व्हावं अशी अपेक्षा असते. मधे ढग आला, धुकं-धुराळा आला, कुणाच्या इमारतीचा कोपरा आला, तर किरणं कमरेशी थांबतात, आणि गर्दीतनं जो 'च्च' असा आवाज निघतो तो मी ऐकलाय. मॅचमध्ये शेवटच्या बॉलला कॅच सुटल्यावर निघतो तसा.

आता दोनदा का? सूर्य रोज एकाच जागी मावळत नाही. पावसाळ्यानंतर तो रोज थोडा थोडा दक्षिणेकडं सरकत जातो. २१-२२ डिसेंबरला त्याचा शेवटचा स्टॉप. तिथनं गाडी फिरते आणि त्याच रस्त्यानं परत येते. आमची कोल्हापूर-गारगोटी गाडी जाताना बिद्रीला थांबते, मग येताना बिद्री लागल्याशिवाय राहील का? तसंच. आकडे घे. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर एक्केचाळीस दिवस. २२ डिसेंबर ते १ फेब्रुवारी, मोज, परत एक्केचाळीस. जातानाचं गाव आणि येतानाचं गाव एकच. ज्यानं देऊळ बांधलं त्याला हे टाइमटेबल पाठ होतं, आणि त्याच्या टाइमटेबलमध्ये 'रस्त्याच्या कामामुळे विलंब' असा शेरा नाही.

सरांना दाखव. माझं नाव सांगू नको.

ठाण्याच्या एक गृहिणी : बायकांना अर्धं तिकीट झाल्यापासून आमचे हे गावाला जाताना मलाच पुढं करतात. तुमच्याकडं कसं?

१७ मार्च २०२३ पासून बायकांना अर्धं झालं. मी पासष्टी ओलांडल्यामुळं मलाही अर्धं. निवृत्तांचा पास असला की निराळं, एरवी आम्ही दोघं मिळून एक फुल्ल. लग्नात भटजींनी 'दोन जीव एक' म्हटलं होतं, ते महामंडळानं कागदावर आणलं. पंच्याहत्तरी गाठली की मला फुकट. ही म्हणते, तेव्हा एकटेच फिरा.

अमेरिकेतल्या न्यू जर्सीहून एक वाचक (मूळ गाव वडणगे) लिहितात : जुलै-ऑगस्टमध्ये बाबांना फोन केला की ते नातवंडांची चौकशी करायच्या आधी 'पाणी अडतीसला आलं' असं सांगतात. मलाही आता सवय लागली. इथं सकाळी उठून मी राजाराम बंधाऱ्याची पातळी बघते. माझा नवरा विदर्भातला. तो म्हणतो हा आजार आहे. आहे का?

आहे. औषध नाही.

तुमच्या नवऱ्यासाठी आधी हिशेब मांडतो. पंचगंगेची पातळी मोजतात ती कसबा बावड्याजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. कोल्हापुरात कोणालाही झोपेतनं उठवून विचारा, स्वतःचा रक्तगट सांगताना अडखळेल, हे दोन आकडे सांगताना नाही. त्याच्या खालचे आकडे गल्लीतले. सुतारवाड्यात पाणी आलं का, जामदार क्लबपाशी आलं का. कोण कुठल्या पायरीवर विटेनं खूण करतो, कोण विजेच्या खांबावर. पेपरात आकडा सकाळी येतो, आमच्या गल्लीतला एक पोरगा रात्री दीडलाच सांगून मोकळा होतो.

नाव पंचगंगा, पण नवऱ्याला पाच नद्या मोजायला सांगा. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. चारच होतात. पाचवी सरस्वती, ती गुप्त. आमच्याकडं हिशेबात एक कमी पडला की 'सरस्वतीला गेला' म्हणायची माझी सवय त्यातनंच आलीय. वेबिलवर, म्हणजे कंडक्टरच्या रोजच्या हिशेबाच्या कागदावर, मात्र ते चालत नव्हतं.

यातल्या भोगावतीवर राधानगरीचं धरण. शाहू महाराजांनी काम सुरू केलं, आपल्या लेकीचं, राधाबाईंचं नाव दिलं, पुरं व्हायला स्वातंत्र्यानंतरचा काळ उजाडला. या धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. स्वयंचलित म्हणजे बटण दाबून उघडणारे नाहीत. पाणी ठरावीक पातळीला चढलं की त्याच्याच जोरानं दरवाजा उघडतो, आणि उतरलं की आपला आपण मिटतो. ना साहेबाची सही, ना वरनं फोन. एका दरवाज्यातनं १४२८ क्युसेक पाणी सुटतं. हा आकडासुद्धा आमच्या पानपट्टीवाल्याला पाठ आहे. 'सहा नंबर उघडला' एवढंच कुणी म्हणालं, तर कुठल्या धरणाचा, कशाचा, असं कोल्हापुरात कोणी विचारत नाही.

मला हे सगळं कळायला लागलं ते नोकरीमुळं. महाराष्ट्रभर छोट्या नद्यांवर जे 'कोल्हापूर पद्धतीचे बंधारे' आहेत ते तुम्हाला माहीत असतील. दगडी खांब, मधल्या गाळ्यांत फळ्या, त्यांना बर्गे म्हणतात. पावसाळ्याआधी बर्गे काढायचे, पावसाळा सरला की घालायचे. आमच्या कितीतरी गाड्या असल्या बंधाऱ्यांवरनं पलीकडं जायच्या. त्यामुळं 'अमुक बंधारा पाण्याखाली' ही बातमी दुसऱ्यांना बातमी, आम्हाला ड्यूटी. बंधारा पाण्याखाली गेला की गाडी लांबनं वळवायची, भाड्याचे टप्पे बदलायचे, आणि मागच्या बाकावरच्या म्हातारीला दर वर्षी नव्यानं समजवायचं की आजी, अंतर वाढलं म्हणून पैसे वाढले, मी काय खिशात घालत नाही. ती म्हणायची, "पाणी मी सोडलंय व्हय?" या प्रश्नाला एसटीच्या कुठल्या परिपत्रकात उत्तर नाही.

२०१९ चा ऑगस्ट तुमच्या बाबांना विचारा. पातळी ५५ फुटांच्या वर गेली, म्हणजे धोक्याच्या वर आणखी बारा फूट. शिरोलीपाशी हायवे बंद. मी तेव्हा निवृत्त होऊन घरी बसलेलो. नदीकाठचे आमचे एक पाहुणे आले, पाच माणसं आणि दोन म्हशी. माणसं घरात, म्हशी अपार्टमेंटच्या पार्किंगमध्ये, सेक्रेटरीच्या पांढऱ्या गाडीच्या शेजारी. पहिल्या दिवशी संध्याकाळी सेक्रेटरी नियमावलीची प्रत घेऊन आले. दुसऱ्या दिवशी शहरात दुधाची गाडी आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी सहाला पार्किंगमध्ये चरव्या-पातेल्यांची रांग लागली आणि रांगेत दुसरा नंबर सेक्रेटरींचा. गंगावेशीच्या कट्ट्यावर म्हशी उभ्या करून समोर धार काढलेलं दूध प्यायची आमची जुनी चाल, ती त्या आठवड्यात आमच्या बी-विंगला आली. पाहुणे पाणी उतरल्यावर गेले. म्हशी निघाल्या तेव्हा सेक्रेटरींच्या बायकोनं त्यांना हळद-कुंकू लावलं. नियमावलीची ती प्रत अजून आमच्या टीव्हीखाली आहे, पाय समतोल करायला.

तर ताई, सकाळी उठून पातळी बघत जा. बाबांना मात्र आकडा तुम्ही आधी सांगू नका. तो त्यांचा मान आहे.

पुण्याचे एक वाचक : तुमच्याकडं मिसळीबरोबर पाव न देता ब्रेडच्या स्लाइस का देतात?

कारण कट शोषून घ्यायला स्लाइस बरी. पाव कटात बुडवला की वरनं ओला, आतनं कोरडा, सरकारी चौकशीसारखा. बाकी तुमच्याकडं ज्याला सँपल म्हणतात आणि नागपूरकडं तर्री म्हणतात, तो आमचा कट. सँपल म्हणजे नमुना. नमुना एकदा दाखवतात, कट परत परत वाढतात.

पुढचा प्रश्न.

इचलकरंजीहून : पाहुण्यांना संभाजीनगरची गाडी पकडून द्यायची होती, रिक्षावाल्यानं भलतीकडंच सोडलं. तक्रार कुठं करायची?

तक्रार करू नका, रिक्षावाल्याचं बरोबर आहे. कोल्हापुरात मध्यवर्ती बसस्थानक आहे, रंकाळा स्टँड आहे आणि संभाजीनगर स्टँडही आहे, फार पूर्वीपासूनचा. २०२३ ला औरंगाबादचं नाव बदललं तेव्हापासून आमच्या या स्टँडवर सुटकेस घेऊन गोंधळलेली एखाददुसरी मंडळी दिसायला लागली. त्यांना समोर गारगोटीची गाडी दिसते. एक गृहस्थ तर मला म्हणाले, "वेरूळ इथून किती?" मी म्हटलं, "गाडीनं की जिद्दीनं?" मग मीच त्यांना सीबीएसच्या, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाच्या, रिक्षात बसवून दिलं. तुम्ही रिक्षावाल्याला 'छत्रपती'सकट पूर्ण नाव सांगा आणि वर 'मराठवाड्यातलं' असं जोडा.

शेवटचं पत्र. पिंपरीहून एक शिक्षिका लिहितात : घर आवरताना कॉलेजची संख्याशास्त्राची वही सापडली. तीत खूण म्हणून घातलेलं एसटीचं तिकीट आहे. गारगोटी-कोल्हापूर. मागं तांबड्या शाईनं लिहिलंय, 'बाकी ७-५०'. मी कोल्हापुरात होस्टेलला होते, शनिवार-रविवारी गावी जायची. तुम्ही त्याच मार्गावर होता असं वाचलं. हे पैसे तुमच्याकडून येणं आहे का? सोबत फोटो पाठवते.

बाई, फोटो मी भिंगातनं बघितला. मग चष्मा पुसून परत बघितला. मग हिला दाखवला.

आधी इतर वाचकांना हा प्रकार काय ते सांगतो, कारण हल्लीची पोरं मोबाइलवर पैसे देतात, त्यांना सुट्ट्या पैशाचं राजकारण कळणार नाही. सकाळची पहिली गाडी, प्रत्येक जण पन्नासची नोट काढणार. कंडक्टरच्या बॅगेत तेव्हा असतात मोजकी नाणी. मग तिकिटाच्या मागं बाकी लिहायची आणि सांगायचं, उतरताना घ्या. अर्धे लोक स्टँड आला की विसरून उडी मारतात. त्यावर सगळ्यांचा समज असा, की कंडक्टरनं त्या पैशांत बंगला बांधला. तर ऐका. ड्यूटीवर निघताना स्वतःच्या खिशातली रक्कमसुद्धा वेबिलवर लिहायची असते. वाटेत चेकिंगवाले चढले, तिकिटं आणि कॅश जुळवली, आणि कॅश कमी निघाली तर गुन्हा, जास्त निघाली तरी गुन्हा. राहिलेली बाकी रात्री कॅशबरोबर भरून टाकायची, जादा म्हणून. म्हणजे तुमच्या त्या विसरलेल्या पैशांनी माझा बंगला नाही, झाला तर कुठल्यातरी स्टँडवरच्या बाकाचा एक पाय झाला असेल.

आता हे अक्षर. वेबिल निळ्या शाईनं, कार्बन घालून लिहायचं म्हणून बाकी मी तांबड्यानं लिहायचो, गोंधळ नको. आमच्या डेपोत तांबडं पेन वापरणारे आणखीही असतील. पण सातच्या शेपटीला गाठ मारायची खोड माझी एकट्याची. चौथीत गुरुजींनी त्यासाठी छडी मारली होती. फोटोत ती गाठ आहे.

दुसरं म्हणजे, बाकी परत दिली की मी तिकिटाचा उजवीकडचा खालचा कोपरा फाडायचो. नाहीतर एकच माणूस दोनदा मागतो, विसरून किंवा आठवून. फोटोत चारही कोपरे शाबूत आहेत. पंचाची भोकं आहेत, त्यातल्या एकाला तुम्ही शाईनं डोळे-नाक काढलेत, संख्याशास्त्राचा तास चालू असताना काढले असतील. पण कोपरा आहे.

म्हणजे पैसे दिलेले नाहीत. साडेसात रुपये. इतकी वर्षं माझी साडेसाती तुमच्या वहीत होती आणि मी इथं शनिवारी मारुतीला तेल घालतोय.

ही म्हणाली, "मनीऑर्डर करा." करणार नाही. बाकी उतरताना हातात द्यायची असते. तुम्ही गावी जाताना कोल्हापुरावरनंच जाल, संपादकांकडनं माझा पत्ता घ्या. व्याज मागू नका. एसटीत व्याज नसतं, सहा किलोमीटरचा टप्पा असतो, आणि पिंपरी ते कोल्हापूर तुमचं अर्धं तिकीट आहे, हे आधी मोजा.

सात रुपयांची नाणी बाजूला काढून ठेवलीत. आठ आण्यांसाठी घरात शोधाशोध झाली. चार आणे ३० जून २०११ पासून बंद, ते आमच्याकडं मूठभर निघाले. शेवटी देवघरातल्या सुपारीच्या डबीत एक आठ आण्याचं नाणं सापडलं. कोल्हापुरात आठ आणे कोणी घेत नाही, भाजीवाला तर बघून हसतो. पण कायद्यानं ते अजून चालू आहे, तेव्हा तुम्हाला नाही म्हणता यायचं नाही.

येताना तिकीट मात्र घेऊन या. कोपरा फाडायचा राहिलाय.